पद्मिनीच्या इंजिनाचे सुटे भाग: आपला कोणता, परका कोणता, खोटा कोणता

ठाणे-नवी मुंबईत अजून ज्या जुन्या फियाट आणि पद्मिनी चालत्या आहेत, त्यांचं इंजिन काम कारागिरावाचून अडत नाही. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळे-महापेच्या एमआयडीसीत बोअर मारून देणारा, क्रँक ग्राइंड करून देणारा शोधला की मिळतो. अडतं ते मालावर. कंपनी बंद, डीलर बंद, आणि बाजारात जे आहे ते तीन तऱ्हेचं: दुसऱ्याच इंजिनाचा अस्सल भाग, आपल्याच इंजिनाचा नकली भाग, आणि आपलाच, अस्सल, पण गोदामात पंचवीस-तीस वर्षं पडून राहिलेला भाग.

यात सगळ्यात जास्त नुकसान पहिला प्रकार करतो. नकली मालाबद्दल सगळेच सावध असतात, पण चांगल्या कंपनीचा खोका आणि वर ‘फियाट’ लिहिलेलं पाहिलं की व्हर्निअर (सरकती मोजपट्टी) खिशातच राहतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी आपलं इंजिन ओळखायचं, मग भागाची मापं घ्यायची, आणि अस्सल-नकलीचा निकाल शेवटी लावायचा.

आधी इंजिन कोणतं ते ठरवा

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डी बाहेर पडू लागली. पुढे तिचंच नाव पद्मिनी झालं आणि साधारण २००० सालापर्यंत ती बनत राहिली. आपल्याकडच्या पेट्रोल इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६८ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ७५ मिमी, एकूण १०८९ सीसी. हे आकडे पाठ असावेत, कारण घोळ इथूनच सुरू होतो. इटलीत १९६२ नंतर ‘११०० डी’ याच नावाने जी गाडी विकली गेली, तिचं इंजिन १२२१ सीसीचं होतं: स्ट्रोक तोच ७५, पण बोअर ७२. परदेशी विक्रेत्याकडून ‘फियाट ११०० डी, पिस्टन सेट’ मागवला तर तो त्याच्या हिशेबाने अगदी बरोबर माल पाठवतो, फक्त आपल्या ब्लॉकपेक्षा चार मिमी मोठा. हेड गॅस्केटची, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलचीही तीच गत. बाहेरून मागवायचंच असेल तर गाडीच्या नावाने मागवू नका. बोअर आणि सीसी लिहून मागवा, आणि विक्रेत्याकडून पिस्टनच्या क्राऊनवरच्या, म्हणजे माथ्यावरच्या, आकड्याचा फोटो घ्या.

घरच्या मैदानातही भावकी आहे. १९८५ साली आलेल्या प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन निसानचं ए१२, ११७१ सीसी, बोअर ७३ आणि स्ट्रोक ७०. तिचा आणि पद्मिनीचा इंजिनाच्या आतला एकही भाग एकमेकांना चालत नाही, तरी ‘प्रीमियर’ म्हणून दोन्हींचा माल एकाच फळीवर ठेवलेला असतो. शिवाय डिझेल पद्मिनीचा १३६६ सीसीचा माल वेगळा. आणि अँबॅसॅडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचा बोअर ७३.०२५ मिमी, म्हणजे ११८ एनईपेक्षा केसभर जास्त. नुसत्या व्हर्निअरने व्यास मोजला तर ‘७३चा पिस्टन’ म्हणून हे दोन सहज एकमेकांच्या खोक्यात जातात. पिनपासून (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी ती पिन) क्राऊनपर्यंतची उंची मोजली की लगेच वेगळे पडतात.

बाहेरून घेतलेल्या गाडीत आधीच्या मालकाने कोणतं इंजिन बसवलंय याची खात्री नसेल तर हेड न उघडता स्ट्रोक तपासता येतो. चारही प्लग काढा, गिअर न्यूट्रलला टाका, एक नंबरच्या भोकातून लाकडी काडी किंवा जाड प्लॅस्टिकची नळी पिस्टनवर टेकवा आणि क्रँक पुलीला पाना लावून हाताने फिरवा. वरच्या आणि खालच्या टोकाला काडीवर खूण करा. प्लगचं भोक तिरकं असल्याने माप थोडं चुकतं, पण ७० आणि ७५ मधला फरक कळतो. लोखंडी सळी वापरू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, सळी अडकली की प्लगचे आटे गेलेच म्हणून समजा. १०८९ की १२२१ हे मात्र असं कळणार नाही, दोघांचा स्ट्रोक एकच. त्यासाठी हेड काढून बोअरच मोजावा लागतो.

ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी जुळतो का तेही याच वेळी पाहून घ्या. एमएच ०४ असो की एमएच ४३, दुसरा ब्लॉक बसवला तर आरटीओत नोंद करावीच लागते. आणि गाडी ५० वर्षांहून जुनी असेल, जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांखाली ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवायचा विचार असेल, तर इंजिन मूळचंच हवं. त्या नियमात चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार केलेली गाडी बसत नाही. अशा गाडीत ए१२ घालून ‘पिकअप वाढवून’ देणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

मोजायला काय लागतं

डिजिटल व्हर्निअर ०.०१ मिमी दाखवतो, पण तितका खरा नसतो. ०.०२-०.०३ची चूक गृहीत धरा. भाग कोणत्या जातीचा आहे हे ठरवायला तो पुरेसा आहे, फिटिंग ठरवायला नाही. फिटिंगसाठी ०–२५ आणि ५०–७५ मिमीचे मायक्रोमीटर हवेत. बोअर डायल गेज स्वतःचा असण्याची गरज नाही, मशीन शॉपमध्ये असतो. त्याला सांगून मोजून घ्या, पण आकडे स्वतः लिहून घ्या. सोबत फीलर गेज, आट्यांचा पिच गेज, लोहचुंबक आणि ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा. या काट्याला फार पैसे पडत नाहीत, पिस्टनचं वजन त्याशिवाय कळत नाही.

मापं घेण्याआधी जुना आणि नवा भाग एकाच खोलीत रात्रभर राहू द्या. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीतून घोडबंदर रोडने आणलेला पिस्टन एसी खोलीत लगेच मोजला तर फसगत होते. ॲल्युमिनियम दहा अंशांना ६८ मिमीमागे सुमारे ०.०१५ मिमी फुगतं. पिस्टन-बोअरमधली मोकळी जागाच ०.०५च्या आसपास असते, त्यात हा आकडा लहान नाही.

पिस्टन

पिस्टन हातात घेतला की सगळ्यात आधी क्राऊन पुसा आणि काय कोरलंय ते वाचा. तिथे तीन गोष्टी सापडतात: ओव्हरसाइझ (मूळ मापापेक्षा पिस्टन किती मोठा ते), पुढची बाजू दाखवणारा बाण किंवा अक्षर, आणि बनवणाऱ्याची खूण. ओव्हरसाइझ बघताना पायऱ्यांची पद्धत कोणती ते पाहा. काही सेट ०.२०, ०.४०, ०.६० मिमी अशा पायऱ्यांनी येतात, काही ०.२५, ०.५०, ०.७५ अशा, आणि इंचाच्या हिशेबाचे १०, २०, ३० थाऊ (इंचाचा हजारावा भाग). दुकानात या सगळ्यांना ‘पहिला’, ‘दुसरा’ असंच म्हणतात. ‘दुसरा पिस्टन द्या’ म्हटल्यावर एका दुकानात ०.४० मिळेल, दुसऱ्यात ०.५०. ब्लॉक ०.४०ला बोअर करून बसला आणि हातात ०.५० आला तर पिस्टन आत जाणारच नाही. उलटं झालं तर जाईल, चालेल, आणि थंड इंजिनाला सकाळी टकटक वाजत राहील. म्हणून पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक बोअरिंगला टाकू नये. चारही पिस्टन मोजून, कोणता कोणत्या सिलिंडरला हे लिहूनच मशीनवाल्याकडे द्यावेत.

व्यास क्राऊनवर मोजायचा नसतो. क्राऊन मुद्दाम लहान ठेवलेला असतो, कारण तोच सगळ्यात जास्त तापतो. माप स्कर्टवर (रिंगांखालच्या भिंतीवर), पिनच्या काटकोनात, स्कर्टच्या खालच्या भागात घ्यायचं, म्हणजे बनवणाऱ्याने जिथे सांगितलंय तिथे. पिनच्या दिशेने मोजलं तर माप कमी येईल. तो दोष नव्हे, पिस्टन अंडाकृतीच असतो. ज्या नकली पिस्टनात दोन्ही दिशांना आणि वरपासून खालपर्यंत एकच माप भरतं, तो नुसता लेथवर गोल काढलेला असतो. तो तापला की पिनच्या बाजूला धरतो. ही एक चाचणी दुकानातच, व्हर्निअरने, दोन मिनिटांत होते. मोकळ्या जागेसाठी साध्या कास्ट पिस्टनला ०.०४ ते ०.०६ मिमी हा अंदाज चालतो, पण खोक्यात बनवणाऱ्याचा कागद असेल तर शब्द त्याचा.

यानंतरचं माप बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि इंजिन कमजोर राहण्याचं कारण तिथेच असतं: पिनच्या मध्यापासून क्राऊनपर्यंतची उंची. पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून क्राऊनपर्यंत मोजा, त्यात भोकाचा अर्धा व्यास मिळवा. जुन्या पिस्टनशी ताडा. समजा नवा पिस्टन एक मिमी बुटका आहे. आपल्या एका सिलिंडरचं घनफळ सुमारे २७२ सीसी. कॉम्प्रेशन ७.५ धरलं तर वरच्या चेंबरची जागा ४२ सीसी होते. एक मिमी बुटका पिस्टन त्यात ३.६ सीसीची भर घालतो आणि कॉम्प्रेशन ७.५ वरून थेट ७ वर येतं. गाडी चालू होते, आवाज नाही, धूर नाही, पण मुंब्रा बायपासच्या चढाला तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावंच लागतं. मालक कार्ब्युरेटर बदलतो, पॉइंट बदलतो, प्लग बदलतो, आणि दोष खाली बसलेला असतो. एक मिमी उंच पिस्टनाची गोष्ट याहून वाईट, तो हेडला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो.

क्राऊनचा आकारही जुन्याशी जुळवा. सपाट, खोलगट आणि फुगीर क्राऊन एकाच बोअरमध्ये येतात. पिनचा व्यास, पिनची लांबी, सर्क्लिपची खाच आहे की नाही हेही बघा. जुन्या पिस्टनला खाच असेल आणि नव्याला नसेल तर पिन धरण्याची पद्धतच वेगळी आहे, म्हणजे तो पिस्टन आपल्या कनेक्टिंग रॉडचा नाही.

शेवटी वजन. चारही पिस्टन पिनसकट काट्यावर ठेवा. हलका-जड फरक चार-पाच ग्रॅमच्या आत असला तर ठीक. जास्त असेल तर सेट जमवाजमवीचा आहे, म्हणजे दोन एका सेटचे, दोन दुसऱ्याचे. क्राऊनवरच्या अक्षरांची घडण पाहिली तरी हे कळतं.

रिंग

रिंगांचा व्यास सगळे बघतात, जाडी कोणी बघत नाही. मेट्रिक २.० मिमी आणि इंचाची ५/६४ रिंग यांत फरक फक्त ०.०१६ मिमी, कारण ५/६४ इंच म्हणजे १.९८४ मिमी. ऑइल रिंगमध्ये ४.० मिमी आणि ५/३२ इंच म्हणजे ३.९७. डोळ्याला आणि व्हर्निअरलाही दोन्ही सारख्याच. मायक्रोमीटर लावा. त्याहून सोपं म्हणजे रिंग खाचेत बाहेरून उभी घालून गोल फिरवा. कुठेही न अडता फिरली पाहिजे आणि बाजूला ०.०४ ते ०.०८ मिमीचं फीलर गेलं पाहिजे. अडली तर तापल्यावर चिकटणार. ढिली असेल तर तेल वर पंप करणार.

रिंगची आडवी खोली, म्हणजे आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी, खाचेच्या खोलीपेक्षा कमी हवी. जास्त असेल तर पिस्टन बोअरमध्ये घालताना रिंग खाचेच्या तळाला टेकते आणि तुटते. लोकांना वाटतं हातोडी जोरात बसली.

गॅप तपासायला रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्या क्राऊननेच सरळ खाली ढकला. जुन्या बोअरला तळाकडे, जिथे झीज नाही तिथे मोजा. ६८ मिमीला ०.२५ ते ०.३० मिमी ठीक. गॅप अर्धा मिमीच्या वर गेला तर रिंग लहान ओव्हरसाइझची आहे. गॅप शून्याजवळ असेल तर मोठी आहे, आणि ती कानस मारून ‘बसवून’ घ्यायची नाही. पाच-दहा शतांश काढणं वेगळं, ०.२५चा फरक घासून काढणं वेगळं. मोठी रिंग लहान बोअरमध्ये गोल राहत नाही, कडेला उजेड दिसतो. बोअरखाली टॉर्च धरून पाहा.

सेटमध्ये वरची रिंग क्रोमची आहे का? क्रोमची बाहेरची कड चकचकीत पांढरी दिसते, साधी बिडाची करडी. काही सेटमध्ये वरची आणि दुसरी एकसारखीच टाकलेली असते. ‘टॉप’ची खूण असलेली बाजू वर येते. खूणच नसलेल्या, आतून तासलेल्या दुसऱ्या रिंगची दिशा बनवणाऱ्याच्या कागदावरूनच ठरवा, अंदाजाने नको.

बेअरिंग शेल

क्रँक दहा थाऊ ग्राइंड झाला म्हणजे जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) ०.२५४ मिमी बारीक झाला. पण त्याभोवतीचं एकेक शेल (बेअरिंगची अर्धी कमान) जाड होतं ते त्याच्या निम्म्यानेच, ०.१२७ मिमी. हा हिशेब डोक्यात नसल्याने बरोबर माल परत करणारे आणि चुकीचा माल ठेवून घेणारे, दोन्ही भेटतात. शेलच्या पाठीवर ‘०१०’ कोरलेलं असेल तर ते दहा थाऊ, म्हणजे पाव मिमी. ते ०.१० मिमी असं वाचू नका. काहीच कोरलेलं नसेल तर शेल स्टँडर्ड समजायचं नाही, मोजायचं.

मोजायची रीत: शेल वाकडं असल्याने मायक्रोमीटरचं सपाट तोंड आतल्या बाजूला नीट टेकत नाही. मध्ये बेअरिंगमधली एक छर्रा-गोळी ठेवा. आधी गोळीचं माप घ्या, मग गोळीसकट शेलचं, आणि वजा करा. माप शेलच्या मधोमध, म्हणजे कमानीच्या माथ्यावर घ्या. टोकांकडे शेल मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, तिथलं माप धरलं तर गोंधळ होतो.

शेल उजेडाकडे आडवं धरून त्याची कड पाहा. पाठ पोलादाची. तिच्यावर जर तांबूस पट्टा आणि सगळ्यात वर राखाडी पातळ थर दिसला तर ते तांबे-शिशाचं तीन थरांचं बेअरिंग. पाठीवर एकच पांढरट थर असेल तर ॲल्युमिनियम-कथलाचं. दोन्ही चालतात, पण एका क्रँकवर दोन जाती मिसळू नयेत. जुन्या साठ्यातल्या तीन थरांच्या शेलवर काळे-पांढरे ठिपके किंवा पोपडे दिसले तर ते ठेवून घेऊ नका. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या मालाचं असं होतंच, कागदी खोक्याने ते थांबत नाही.

लॉकची जीभ रॉडच्या किंवा ब्लॉकच्या खाचेत नेमकी बसते का, तेलाचं भोक भोकासमोर येतं का, खोबण अर्ध्या शेलला आहे की पूर्ण, हे जुन्याशी जुळवा. भोक दोन मिमी सरकलेलं असेल तर ‘ड्रिल मारून घेऊ’ असा सल्ला मिळेल. घेऊ नका. भोक चुकलं म्हणजे ते शेल दुसऱ्या इंजिनाचं, आणि मग रुंदी आणि जाडीही चुकलेलीच असणार. शेल हाताने दाबून बसवल्यावर टोकं जोडाच्या पातळीपेक्षा किंचित वर राहायला हवीत. ती कॅप आवळल्यावर दाबून बसतात आणि शेल फिरू देत नाहीत. वर आलेली दिसली म्हणून घासायची नाहीत. शेवटची खात्री प्लॅस्टिगेजने, म्हणजे जर्नलवर ठेवून दाबायच्या मऊ दोऱ्याने; तो किती चपटा झाला त्यावरून मोकळी जागा कळते. जर्नलच्या प्रत्येक मिलिमीटरला एक हजारांश मिमी, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला सुमारे ०.०५ मिमी मोकळी जागा, हा ढोबळ आडाखा आहे.

हेड गॅस्केट

नवं गॅस्केट जुन्यावर ठेवायचं नाही, हेडवर आणि मग ब्लॉकवर ठेवून पाहायचं, कारण जुनंच चुकीचं बसवलेलं असू शकतं. प्रत्येक पाण्याचं आणि तेलाचं भोक दोन्हीकडे उघडं दिसलं पाहिजे. सिलिंडरभोवतीच्या पत्र्याच्या कडीचा आतला व्यास आपल्या आत्ताच्या बोअरपेक्षा, म्हणजे ओव्हरसाइझ धरून, निदान एक मिमी मोठा हवा. कडी आत डोकावली तर ती तापून लाल होते, पेट्रोल ठिणगीआधीच पेटू लागतं आणि गॅस्केट जळतं. १२२१चं गॅस्केट १०८९वर घातलं तर उलटं होतं: सिलिंडरभोवती चार मिमी व्यासाच्या फरकाची खोबण उरते, तिथे जळलेला वायू साठतो आणि कॉम्प्रेशनही पडतं.

बिनखोक्याचं जुनं तांबं-ॲस्बेस्टॉस गॅस्केट सापडलं तर घासायचं-तासायचं काम कोरडं करू नये. ओलं करून, मास्क लावून.

हेड सेकंडहँड घेत असाल, आणि बऱ्याचदा ते स्क्रॅपला गेलेल्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचं असतं, तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्यातल्या बहुतेक टॅक्सी पुढे सीएनजीवर धावल्या. कोरड्या गॅसवर व्हॉल्व्ह सीट झिजून खाली जाते, व्हॉल्व्ह आत बसतो आणि स्टेमचं टोक वर येतं. आठही स्टेम स्प्रिंगविना बसवून, त्यांच्या टोकांवरून पट्टी फिरवा. एखादं दुसऱ्यापेक्षा अर्धा मिमीहून वर असेल तर ती सीट गेली. अशा हेडची किंमत पाहताना नव्या सीटची मजुरीही धरा. शिवाय हेड किती वेळा तासलंय ते उंची मोजून पाहा. शेजारी न तासलेलं हेड असेल तरच या मापाला अर्थ आहे.

व्हॉल्व्ह, स्प्रिंग, साखळी

व्हॉल्व्हचे पाच आकडे लिहून घ्या: डोक्याचा व्यास, स्टेमचा व्यास, एकूण लांबी, कॉलेटच्या (स्प्रिंग स्टेमवर धरणाऱ्या क्लिपच्या) खाचेपासून टोकापर्यंतचं अंतर आणि तोंडाचा कोन. चौथा आकडा सगळे विसरतात. तो एक मिमी चुकला तर स्प्रिंगचा दाब आणि रॉकरची चाल, दोन्ही बदलतात.

लोहचुंबकाची चाचणी प्रसिद्ध आहे, पण अर्धवट सांगितली जाते. आजच्या चांगल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या डोक्याला चुंबक चिकटत नाही, इनलेटला चिकटतो. मात्र जुन्या काळच्या अस्सल एक्झॉस्ट व्हॉल्व्हपैकी काहींना चुंबक चिकटायचा, कारण पोलादाची जात वेगळी होती. शिवाय जोड दिलेल्या व्हॉल्व्हचं डोकं चिकटत नाही आणि स्टेम चिकटतं. म्हणून निकाल असा लावा: एक्झॉस्टच्या डोक्याला चुंबक लागला नाही तर चांगलं लक्षण. लागला तर लगेच नकली म्हणू नका, पण बनवणाऱ्याचं नाव नसेल तर घेऊही नका.

स्प्रिंग जुन्याच्या शेजारी सपाट काचेवर उभी करा. उंची आणि वेढे मोजा, वरचं टोक काटकोनापासून कलतं का ते पाहा. टायमिंग साखळी घेताना कड्या मोजा, एकेरी की दुहेरी ते पाहा, आणि आडवी धरून किती लोंबते ते जुनीशी ताडा. नवी साखळी आडवी फारच लोंबली तर ती नवी नाही किंवा चांगली नाही.

बाकीचे, थोडक्यात

प्लगचा १४ मिमीचा आटा बहुतेकांचा सारखा. फरक असतो आट्याच्या लांबीत: १२.७ मिमी की १९. लांब प्लग लहानाच्या जागी लावला तर पिस्टनवर आपटू शकतो. लहान प्लग लांबच्या जागी लावला तर हेडमधले उरलेले आटे कार्बनने भरतात, आणि पुढे बरोबर प्लग लावताना तेच आटे उखडून येतात. वॉटर पंपात पंख्याची पाती कोणत्या दिशेला वळलीत आणि हब शाफ्टवर किती आत दाबलाय हे जुन्याशी जुळवा. पुलीवर पट्टी आडवी धरली की बेल्टची रेघ कळते. ऑइल सीलवर आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी असे तीन आकडे असतात. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तोही पाहा, उलट्या दिशेचं सील नवं असूनही गळतं. कार्ब्युरेटरच्या सोलेक्स जेटवर ११५ लिहिलं असेल तर भोक १.१५ मिमी. त्यात ड्रिल बिट घालून ‘तपासू’ नका, पितळ लगेच ओरबाडतं.

नट-बोल्ट: फियाट मेट्रिक. अँबॅसॅडरचा इंची मापाचा ३/८ यूएनएफ बोल्ट आपल्या १० मिमी बारीक आट्याच्या भोकात दोन-तीन वेढे जातो आणि मग ‘टाइट’ होतो. तिथेच थांबून पिच गेज लावा. १०चा बोल्ट असला तरी १.२५ आणि १.५ असे दोन पिच असतात, हेडला तर चूक परवडतच नाही.

रबराकडे आता वेगळ्या नजरेने पाहावं लागतं. २०२५ पासून पंपावर बहुतेक ठिकाणी ई२० पेट्रोलच मिळतं, आणि जुन्या साठ्यातला फ्युएल पंपाचा डायफ्राम, फ्लोटच्या सुईचं रबरी टोक, पेट्रोलची नळी हे इथेनॉल डोळ्यापुढे ठेवून बनवलेलं नाही. इथे ‘अस्सल जुना’ हा गुण नाही. पद्मिनीचा डायफ्राम सीलबंद मिळाला तरी तो नमुना म्हणून ठेवा आणि इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा नवा कापून घ्या. पेट्रोलचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल तेलात उतरतं, आणि त्यानंतर वर सांगितलेली सगळी बेअरिंगं परत एकदा.

खोका काय सांगतो

ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा कुणाच्या बंद पडलेल्या गॅरेजमधून ‘न वापरलेला जुना स्टॉक’ म्हणून माल येतो. खोक्यावरचा पत्ता त्याचं वय सांगतो. पिनकोड असेल तर १९७२ नंतरचा. ‘बॉम्बे’ असेल तर बहुधा १९९५ आधीचा, ‘मुंबई’ असेल तर नंतरचा. जीएसटी नंबर असेल तर जुलै २०१७ नंतरचा, मग तो पद्मिनी बनत असतानाचा माल नव्हेच, कितीही पिवळट कागद लावलेला असो. प्लगवर ‘मायको’ असेल तर लक्षात घ्या, मायको कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं. चकाकत्या नव्या खोक्यात, नव्या एमआरपीसह ‘मायको’ प्लग दिसला तर शंका घ्या.

पण खोका अस्सल आणि आतला माल दुसरा, हेही होतं. भागावरची खूण आणि खोक्यावरचा भाग नंबर जुळवा. कास्टिंगवरचा कंपनीचा शिक्का घासून काढलेला असेल तर तिथे कानशीचे किंवा ग्राइंडरचे ओरखडे राहतात. नकली कास्टिंगवरची अक्षरं अस्सलपेक्षा किंचित लहान आणि गुळगुळीत येतात, कारण साचा अस्सल भागावरून काढलेला असतो आणि धातू थंड होताना आकसतो.

बिलावर ‘फियाट पिस्टन सेट’ एवढंच लिहून घेऊ नका. ‘१०८९ सीसी, ६८ मिमी, ०.४० ओव्हरसाइझ, माप न जुळल्यास परत’ असं लिहून घ्या. खोका फाडू नका, क्राऊनवरचं कोरलेलं वाचण्यापुरतं सोडून ग्रीस पुसू नका. दुकानदार मोजायला नाही म्हणत नाही, पण सगळा पुसलेला आणि बोटांचे ठसे उमटलेला पिस्टन परत घेत नाही.

बांधण्याआधी एकदा कोरडं जुळवा

सगळं जमलं असं वाटलं की एक नंबरचा पिस्टन रिंगांशिवाय बसवा, त्याच्या क्राऊनवर व्हॉल्व्हच्या जागी मुलांची खेळायची माती चार-पाच मिमी जाड थापा आणि वर थोडं तेल लावा. बसवायचंच ते गॅस्केट घालून हेड आवळा, साखळीच्या खुणा जुळवा, टॅपेट लावा आणि क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक लागलं तर जोर लावू नका, मागे फिरवून हेड उघडा. मग माती ब्लेडने मधोमध कापा आणि सगळ्यात पातळ जागा मोजा. दोन मिमीपेक्षा कमी भरली तर पिस्टनची उंची, हेडची तासणी, गॅस्केटची जाडी आणि व्हॉल्व्हची लांबी हे चार आकडे पुन्हा काढा. चूक त्यातल्याच एकात आहे.